हजार प्रमाणपत्रे, फायली मात्र ९९७!

एखाद्या महाविद्यालयाला पदवीदान समारंभासाठी एक हजार प्रमाणपत्रे तयार करायची आहेत, असे समजू. विद्यार्थ्यांची यादी एक्सेलमध्ये तयार असते. संगणकाची आज्ञावली यादीतील एकेक ओळ वाचते, ठरावीक साच्यात नाव आणि श्रेणी भरते व प्रत्येकाचे प्रमाणपत्र साठवते. काही क्षणांत काम संपते आणि पडद्यावर काम यशस्वी झाल्याचा संदेशही झळकतो. फोल्डरमधील फायली मोजल्यावर मात्र त्या ९९७च भरतात. मग उरलेली तीन प्रमाणपत्रे गेली कुठे?

या प्रश्नाचे उत्तर बहुधा फायलींच्या नावांत दडलेले असते. तयार झालेले प्रमाणपत्र आधी संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत, म्हणजे रॅममध्ये असते. वीज जाताच ही स्मृती कोरी होते. म्हणून प्रत्येक प्रमाणपत्र डिस्कवर स्वतंत्र फाइल म्हणून उतरवावे लागते. विद्यार्थ्याचे नाव हेच फाइलचे नाव ठरवले आणि यादीत एकाच नावाचे दोघे असले, तर दुसऱ्याची फाइल पहिल्याची जागा घेते. पायथॉन भाषेत फाइल नेहमीच्या लेखन पद्धतीने उघडली, की त्या नावाच्या आधीच्या फाइलमधील मजकूर कोणतीही सूचना न देता पुसला जातो. २०१२ साली आलेल्या पायथॉन ३.३ या आवृत्तीपासून 'एक्स' ही पद्धत उपलब्ध आहे. त्या नावाची फाइल आधीच असेल, तर ही पद्धत लिहिण्यास नकार देते आणि चूक तत्काळ उघड होते.

मराठी नावांच्या बाबतीत आणखी एक अडचण संभवते. 'कऱ्हाडे' या आडनावातील 'ऱ' युनिकोडमध्ये एका संकेतांकाने लिहिता येतो, तसाच 'र' आणि नुक्ता अशा दोन संकेतांकांनीही लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात. संगणकाला मात्र ती भिन्न वाटू शकतात. त्यामुळे फाइल असूनही नावाने शोधल्यावर ती सापडेलच, याची खात्री नसते. यावर उपाय म्हणजे फाइलला नावाऐवजी नोंदणी क्रमांक द्यावा. तो प्रत्येकाचा वेगळा असतो.

दुसरा धोका अर्धवट लेखनाचा. लिहिणे चालू असताना वीज गेली, तर फाइल दिसते. पण आतील मजकूर अपुरा असतो. म्हणून जाणकार आधी तात्पुरत्या नावाने फाइल लिहितात, मजकूर डिस्कवर पूर्ण उतरल्याची खात्री करतात आणि मगच तिला अंतिम नाव देतात. लिनक्ससारख्या प्रणालींत एकाच डिस्क विभागातील हे नामांतर एका झटक्यात होते. त्यामुळे अंतिम नावाने अर्धवट फाइल कोणाच्या हाती पडत नाही.

शेवटची पायरी सर्वांत सोपी, तरीही हमखास विसरली जाणारी आहे. ती म्हणजे यादीतील ओळी आणि फोल्डरमधील फायली यांची संख्या ताडून पाहणे. संगणकाचा 'यशस्वी' हा शब्द आज्ञा पार पडल्याचे सांगतो. प्रत्येक विद्यार्थ्याचे प्रमाणपत्र जागेवर असल्याची हमी देत नाही. ती खातरजमा समारंभाच्या आदल्या दिवशीच झालेली बरी. अन्यथा चूक कळते ती व्यासपीठावर, रिकाम्या हाताने उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्याला.