भंगारातून फेराइटचा गाभा

मोबाइलचा चार्जर हातात घेऊन पाहा. किती हलका लागतो! आता आईबाबांना विचारा, त्यांच्या टेपरेकॉर्डरचा काळा ॲडॉप्टर कसा होता. वीटच ती. भिंतीतल्या प्लगमधून स्वतःच्या वजनाने खाली यायची. दोघांचे काम मात्र जवळजवळ एकच, २३० व्होल्टचे थोडे व्होल्ट करणे. वजनातला फरक पडला तो ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यामुळे. जुन्यात लोखंडी पत्र्या होत्या, नव्यात काळ्या दगडासारखा दिसणारा फेराइट असतो. हा फेराइट आज बंद पडलेल्या टीव्हीत, सीएफएल दिव्यात आणि संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये पडून भंगारात जातो. तो काढून आपल्या प्रयोगासाठी गाभा कसा तयार करायचा, ते या लेखात पाहू.

आधी कारण समजून घेऊ. वेटोळ्यात निर्माण होणारे व्होल्ट चुंबकीय प्रवाह किती वेगाने बदलतो यावर अवलंबून असतात, हा फॅरेडेचा नियम तुम्ही शिकला आहात. बदल वेगाने झाला की थोड्या फेऱ्यांत काम भागते. हिशेबच करू. गाभ्याचे छेदक्षेत्र १ चौरस सेंटिमीटर आहे आणि १२ व्होल्ट द्यायचे आहेत. लोखंडी पत्र्यांत १.२ टेस्ला धरले तर घरातल्या ५० हर्ट्झ विजेवर सुमारे ४५० फेरे लागतात. फेराइटला ०.१५ टेस्लाच दिले, पण वारंवारता ५० किलोहर्ट्झ केली, तर सूत्र असे:

फेरे = व्होल्ट ÷ (४ × वारंवारता × टेस्ला × क्षेत्रफळ)

क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये, म्हणजे ०.०००१ घ्यायचे. उत्तर येते फक्त ४ फेरे! मग लोखंडी पत्र्यांनाच ५० किलोहर्ट्झ का देत नाहीत? लोखंड विजेचे वाहक आहे. बदलत्या चुंबकत्वामुळे त्याच्या अंगातच भोवऱ्यासारखे प्रवाह फिरू लागतात आणि ते तापते. ५० हर्ट्झला पातळ पत्र्या करून हे आवरता येते, हजारो हर्ट्झला नाही. फेराइट ही लोखंडाच्या ऑक्साइडमध्ये मँगनीज-झिंक किंवा निकेल-झिंक यांची ऑक्साइडे मिसळून भाजलेली सिरॅमिक वस्तू आहे. तिच्यातून वीज सहज वाहत नाही, चुंबकत्व मात्र सहज जाते.

तोक्योत योगोरो कातो आणि ताकेशी ताकेई यांनी १९३० च्या सुमारास यावर काम केले आणि ते बाजारात आणण्यासाठी १९३५ मध्ये टीडीके कंपनी निघाली. पालकांना हे नाव कॅसेटवरून आठवेल. पुढे हॉलंडमध्ये फिलिप्सच्या प्रयोगशाळेत स्नूक यांनी फेराइट खऱ्या अर्थाने उपयोगात आणला.

आता ‘घरी गाभा करणे’ याविषयी एक गैरसमज दूर करायला हवा. फुटका फेराइट खलबत्त्यात कुटायचा, अराल्डाइटमध्ये कालवायचा, साच्यात घालायचा आणि झाला गाभा, असे काही मुलांना वाटते. बेळगावात फाउंड्री पाहिलेल्या मुलांना तर साचा म्हटला की हुरूप येतो. पण फेराइट ओतीव नव्हे, भाजीव आहे. त्याचे नाते फाउंड्रीपेक्षा खानापूरच्या कुंभारकामाशी जवळचे. फरक एवढाच की त्याला १२०० ते १३५० अंश सेल्सिअसची भट्टी लागते आणि मँगनीजच्या जातीसाठी भट्टीतला ऑक्सिजनही मोजून ठेवावा लागतो. या भाजणीत कण एकमेकांना चिकटून अखंड होतात. आपण कुटले की ती सगळी भाजणी वाया जाते. प्रत्येक दोन कणांमध्ये अराल्डाइटचा पातळ पडदा राहतो आणि चुंबकत्वाच्या दृष्टीने अराल्डाइट म्हणजे हवाच.

ही फट किती महाग पडते पाहा. अखंड फेराइटची पारगम्यता २००० धरू आणि चुंबकीय वाटेची लांबी १०० मिलिमीटर. या वाटेत एकूण ०.१ मिलिमीटर, म्हणजे साधारण कागदाच्या जाडीएवढी फट आली, की परिणामी पारगम्यता ६६७ वर येते. फट १ मिलिमीटर झाली की ९५. कुटलेल्या भुकटीत तर अशा फटी असंख्य, त्यामुळे आकडा दहा-वीसच्या घरात राहतो. म्हणून फेराइट कुटू नका. अखंड तुकडे घ्या आणि नीट जोडा.

तुकडे कुठे मिळतील? जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत ज्याला मेकॅनिक एलओटी म्हणतात, त्यात यू आकाराचे दोन मोठे तुकडे असतात. आपल्या कामाला सर्वांत उत्तम तेच. ट्यूबच्या मानेवरच्या योकमध्ये दोन अर्ध्या भागांचे कडे असते. रेडिओत कांडी, सीएफएलच्या पट्टीवर बोटाच्या पेराएवढी कडी आणि छोटे ई आकाराचे तुकडे, संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये मध्यम आकाराचे ई. तिथेच एका बाजूने पांढरे असलेले मोठे पिवळे कडे दिसेल. ते घेऊन फसू नका. ते लोखंडाच्या भुकटीचे असते, पारगम्यता ७५ च्या आसपास. चोकसाठी ठीक, ट्रान्सफॉर्मरसाठी नाही.

इथे पालकांनी लक्ष द्यावे. टीव्ही किंवा पॉवर सप्लाय मुलांनी उघडायचा नाही. पिक्चर ट्यूबमध्ये २० हजार व्होल्टच्या वरचा भार बंद केल्यावरही शिल्लक राहू शकतो आणि पॉवर सप्लायच्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट असतात. मेकॅनिककडून सुटा काढलेला भागच आणावा. सीएफएलच्या काचनळीत पारा असतो, त्यामुळे नळी फुटू न देता बूड उघडण्याचे काम मोठ्यांनीच करावे.

आणलेला ट्रान्सफॉर्मर व्हार्निशने घट्ट बसलेला असतो. पक्कड लावून ओढला तर फेराइट काचेसारखा तडकतो. जुन्या पातेल्यात (जे पुन्हा स्वयंपाकाला वापरायचे नाही) पंधरा-वीस मिनिटे उकळा, जाड कापडात धरून गरम असतानाच हळूहळू हलवत सोडवा. गार पाण्यात लगेच टाकू नका. एखादा तुकडा स्वच्छ दोन भागांत तुटलाच तर फेकण्याची गरज नाही. चपखल बसवून फेव्हिक्विकचा अगदी पातळ थर द्या, बऱ्याच कामांना तो चालतो. दोन तुकड्यांमध्ये मुद्दाम घातलेली कागदाची पट्टी सापडेल. साध्या ट्रान्सफॉर्मरसाठी ती काढून टाकायची. टेकणारी तोंडे खडबडीत असतील तर सपाट काचेवर बारीक वॉटर पेपर ठेवून, पाणी घालूनच घासा. कोरडी भुकटी नाकात जाता कामा नये. लहान कडी एकावर एक रचली की छेदक्षेत्र वाढते. तीन सारखी कडी म्हणजे तिप्पट क्षेत्र आणि एक तृतीयांश फेरे.

जात ओळखायला मल्टिमीटर पुरे. रंग नसलेल्या पृष्ठभागावर दोन्ही टोके दाबून धरा. काही किलोओम ते काही शे किलोओम दाखवले तर बहुधा मँगनीज-झिंक, काहीच दाखवले नाही तर निकेल-झिंक. चार्जरसारख्या कामाला पहिली जात हवी.

जोडणी कितपत जमली हे मात्र मोजल्याशिवाय कळत नाही. विश्वस्त मंडळींना प्रयोगशाळेसाठी काही घ्यायचेच असेल तर एक साधा एलसीआर मीटर घ्यावा, महागड्या तयार संचापेक्षा तो अधिक शिकवेल. वर धरलेल्या मापाच्या गाभ्यावर १० फेरे घातले तर फट नसताना सुमारे २५० मायक्रोहेन्री यायला हवेत. ८५ च्या आसपास आले तर कागदाएवढी फट राहिली आहे, पुन्हा घासा.

तयार गाभा घरच्या विजेला कधीही जोडायचा नाही. आतल्या-बाहेरच्या वेटोळ्यांमधले कारखान्यातले इन्सुलेशन आपल्याकडे नसते. सुरुवात एका सेलने करा. सीएफएलच्या कड्यावर दोन बारीक इनॅमल तारा एकत्र धरून पंधरा फेरे घाला. पहिल्या तारेचा शेवट दुसऱ्या तारेच्या सुरुवातीला जोडून तो सेलच्या धन टोकाला द्या. उरलेल्या दोन टोकांपैकी एक १ किलोओमच्या रेझिस्टरमधून बीसी ५४७ च्या बेसला, दुसरे कलेक्टरला. एमिटर ऋण टोकाला आणि पांढरा एलईडी कलेक्टर-एमिटरमध्ये, त्याचे धन टोक कलेक्टरकडे. एलईडीला तीनेक व्होल्ट लागतात, तरी घड्याळातून काढून टाकलेल्या दीड व्होल्टच्या सेलवर तो पेटेल. नाही पेटला तर एका तारेची दोन्ही टोके उलटी करून पाहा.