मधुमेह आणि फुप्फुसाचा कर्करोग : वारसा किती, सवय किती?

वडिलांना मधुमेह, काकांचा अंत फुप्फुसाच्या कर्करोगाने, आणि आता थोरल्या मुलाच्या रक्तातही साखर वाढलेली, अशी घराणी आपल्या परिचयाची असतील. ‘आमच्या रक्तातच आहे ते,’ असे म्हणून अशा घरात कोणी भीतीने खचतो, तर कोणी ‘व्हायचे ते होणारच’ म्हणून खुशाल विडी शिलगावतो. या दोन रोगांचे नाते खरोखरच रक्तातून उतरते काय? या प्रश्नाच्या उत्तरावर पुढच्या पिढीचे वागणे अवलंबून असल्यामुळे ते नीट समजून घ्यावयास हवे.

मधुमेहाची प्रवृत्ती घराण्यातून येते, ही गोष्ट खरी. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. त्यांतील बहुतेकांचा मधुमेह दुसऱ्या प्रकारचा, म्हणजे सामान्यतः प्रौढ वयात जडणारा असतो. तो कोणा एकाच जनुकाचा प्रताप नव्हे. जनुक म्हणजे आईबापांकडून मिळालेली, पेशीने कसे वागावे याची सूचना. मधुमेहाशी निगडित असे या सूचनांमधील शेकडो बारीक फरक आज ज्ञात आहेत. २००६ साली दहाव्या गुणसूत्रावर आढळलेला टीसीएफ७एल२ या जनुकातील फरक त्यांत प्रमुख मानला जातो. परंतु तो अंगी असूनही जन्मभर मधुमेहापासून मुक्त राहिलेली माणसे पुष्कळ आहेत.

हे फरक जन्मतःच, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, वाट्याला येतात. माणसाच्या पुढच्या सवयींशी त्या वाटणीचा सहसा संबंध नसतो. यावरून शास्त्रज्ञांनी एक कसोटी काढली. मधुमेहामुळेच फुप्फुसाचा कर्करोग होत असेल, तर मधुमेहाचे फरक ज्यांच्या वाट्याला अधिक आले, त्यांच्यात हा कर्करोगही अधिक दिसला पाहिजे. या कसोटीने केलेल्या अभ्यासांत बहुतांशी तसे आढळलेले नाही. यकृत आणि स्वादुपिंड यांच्या कर्करोगाशी मधुमेहाचा संबंध वारंवार दिसून आला आहे. फुप्फुसाच्या बाबतीत मात्र तसा ठाम पुरावा नाही.

मग दोन्ही रोग एकाच घरात का शिरतात? १९५० साली इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल व ब्रॅडफर्ड हिल यांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवून दिला. त्यावर विख्यात संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी आक्षेप घेतला. काहींची आनुवंशिक घडणच अशी असेल की, तिच्यामुळे धूम्रपानाची ओढही लागावी आणि कर्करोगही व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे २००८ साली पंधराव्या गुणसूत्रावर असा एक भाग खरोखरच सापडला. निकोटीनचा परिणाम मेंदूवर कसा व्हावा, हे ठरविणारी जनुके तेथे आहेत. त्यांतील विशिष्ट फरक असलेला धूम्रपान करणारा माणूस दिवसाकाठी अधिक सिगारेटी ओढतो. परंतु ज्यांनी कधीच धूम्रपान केले नाही, त्यांच्यात या फरकामुळे कर्करोग वाढल्याचे जवळजवळ दिसत नाही. धुरावाचून हा वारसा दुबळा ठरतो, तो असा.

हाच धूर मधुमेहालाही हातभार लावतो. धूम्रपान करणाऱ्यांना दुसऱ्या प्रकारचा मधुमेह होण्याचा धोका इतरांहून ३० ते ४० टक्क्यांनी अधिक असतो, असे अमेरिकेच्या सर्जन जनरलचा २०१४ चा अहवाल सांगतो.

तरीही जनुकांच्या पातळीवर या दोन रोगांची एके ठिकाणी गाठ पडते. एकोणिसाव्या गुणसूत्रावरील एलकेबी१ हे जनुक, शक्ती अपुरी पडू लागली की पेशीला काटकसर करावयास लावते आणि तिच्या वाढीला आवर घालते. यकृतात तेच साखर तयार होण्यावर नियंत्रण ठेवते. फुप्फुसाच्या काही कर्करोगांत हे जनुक मोडलेले आढळते. मात्र ही मोडतोड बहुधा जन्मतःची नसून, आयुष्यात त्या पेशीपुरती घडलेली असते. ती मुलाबाळांकडे जात नाही. या दुव्यामुळे मधुमेहावरील मेटफॉर्मिन हे औषध फुप्फुसाच्या कर्करोगावरही चालेल, अशी आशा वाटत होती. परंतु २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत नेहमीच्या उपचारांना मेटफॉर्मिनची जोड दिल्याने रुग्णांचा लाभ झाला नाही. तेव्हा या आशेवर विसंबून कोणी मनानेच हे औषध घेऊ नये.

धूम्रपान न करणाऱ्यांनाही फुप्फुसाचा कर्करोग होतो, हेही विसरून चालणार नाही. चुलीचा धूर आणि दुसऱ्याच्या विडीचा धूर घरातील स्त्रियांच्या व मुलांच्या छातीत जातोच. शिवाय ज्याच्या आईबापांना वा भावंडांना हा कर्करोग झाला असेल, त्याने धुरापासून अधिकच जपावे.

वाचकहो, आपल्या घराण्यात मधुमेह असेल तर तिशीनंतर रक्तातील साखर नियमित तपासून घ्या. खोकला तीन आठवड्यांनंतरही थांबला नाही किंवा थुंकीतून रक्त पडले, तर वयाचा व सवयीचा विचार न करता डॉक्टरांकडे जा. घरात कोणी तंबाखू सोडू इच्छीत असेल, तर त्याला दोष देत बसण्याऐवजी मदत करा; १८०० ११ २३५६ या शासकीय क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. जनुके बदलणे आपल्या हाती नाही; पण मुलांच्या वाट्याला धूर येऊ न देणे आजपासूनच शक्य आहे.