४के व्हिडिओतला एकच कोपरा हवाय? मग अख्खा व्हिडिओ का उतरवायचा?

गेल्या संक्रांतीची गोष्ट. घरच्या ग्रुपवर कुणीतरी आपल्या सोलापूरच्या गड्डा यात्रेचा जुना व्हिडिओ टाकला. नंदीध्वजांची मिरवणूक, एका गच्चीवरून शूट केलेली. खाली पांढऱ्या बाराबंदीतली शेकडो माणसं. त्यात उजव्या कोपऱ्यात काही सेकंद आमचे आजोबा दिसतात. त्या यात्रेनंतर पाच महिन्यांनी ते गेले.

आजी म्हणाली, "ह्यांचा चेहरा जरा मोठा करून दाखव की रे." मी दोन बोटांनी झूम केलं. चेहऱ्याच्या जागी चार धुरकट चौकोन.

मेसेजिंग अ‍ॅपने व्हिडिओ पाठवताना दाबून लहान केला होता. मूळ फाइल पुण्यात मामेभावाकडे होती. ४के, ४५ मिनिटं, जवळपास १७ जीबी. माझा रोजचा डेटा दीड जीबी. आणि मला हवी होती फक्त १२ सेकंदं, तीही एका कोपऱ्यातली. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे डोक्यात लगेच प्रश्न आला: तेवढंच का नाही मागवता येत?

व्हिडिओ म्हणजे गुंडाळलेला तागा

४के फ्रेम म्हणजे ३८४० × २१६० पिक्सेल, साधारण ८३ लाख. प्रत्येक पिक्सेलला ३ बाइट धरले तर एक फ्रेम २५ एमबीची. सेकंदाला ३० फ्रेम्स, म्हणजे सेकंदाला ७५० एमबी. ४५ मिनिटांचे होतात २ टीबी! ते १७ जीबीत कसे बसले?

कारण कॅमेरा प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही. एक फ्रेम पूर्ण साठवतो, तिला कीफ्रेम म्हणतात. पुढच्या फ्रेम्समध्ये फक्त फरक लिहितो: "हा तुकडा थोडा डावीकडे सरकला, तो तसाच आहे." जागा वाचते, पण फ्रेम्स एकमेकींवर अवलंबून राहतात. मधली एखादी फ्रेम बघायची तर मागच्या कीफ्रेमपासून उलगडत यावं लागतं.

सोलापूरकरांना हे पटकन कळेल. कापडाच्या ताग्याच्या मधली नक्षी बघायची तर तागा उलगडावा लागतो. घडी घातलेल्या चादरींच्या गठ्ठ्यातून मात्र हवी ती चादर थेट ओढता येते. कीफ्रेम म्हणजे प्रत्येक नवीन चादरीची सुरुवात. फोन सहसा साधारण सेकंदाला एक कीफ्रेम टाकतात, म्हणून पुढे-मागे सरकवलं तरी फार थांबावं लागत नाही.

वेळेत उडी मारणं सोपं आहे

एमपी४ फाइलच्या आत एक अनुक्रमणिका असते. कुठली फ्रेम कितव्या बाइटवर आहे आणि कुठल्या फ्रेम्स कीफ्रेम आहेत, हे त्यात लिहिलेलं असतं. प्लेअर आधी ती वाचतो आणि मग सर्व्हरला सांगतो, "मला या बाइटपासून त्या बाइटपर्यंतच दे." याला रेंज रिक्वेस्ट म्हणतात. सर्व्हर तयार असेल तर २०० ऐवजी २०६ हा कोड देऊन तेवढाच तुकडा पाठवतो.

मामेभावाने फाइल अशाच एका सर्व्हरवर ठेवून लिंक दिली. मी एफएफएमपेग हे मोफत टूल वापरलं. त्यात सुरुवातीची वेळ फाइलच्या नावाआधी लिहिली की ते थेट त्या जागी उडी मारतं. १७ जीबीपैकी साधारण ७५ एमबी उतरले आणि काम झालं.

जागेत उडी मारणं अवघड आहे

पण हे ७५ एमबी सुद्धा जास्तच होते. मला ६४० × ३६० चा कोपरा हवा होता, म्हणजे फ्रेमचा ३६ वा भाग. बाकीचे ३५ भाग मी डेटा खर्चून आणले आणि कापून टाकले.

कारण? फ्रेममधल्या सगळ्या भागांची माहिती एकातएक गुंतवून लिहिलेली असते. शेजारच्या ठोकळ्यावरून या ठोकळ्याचा अंदाज, मागच्या फ्रेमच्या भलत्याच कोपऱ्यातून उचललेला तुकडा. आजोबा चालत आले त्या बाजूचं चित्र नसेल, तर आजोबाही नीट उलगडत नाहीत.

यावर उपाय आपण नकाशात रोज बघतो. फोनवर सोलापूर झूम करताना अख्ख्या महाराष्ट्राचा नकाशा उतरत नाही, समोरचे चौकोनी तुकडेच येतात. व्हिडिओचेही असे तुकडे करता येतात, त्यांना टाइल म्हणतात. २०१३ साली आलेल्या एचईव्हीसी या कोडेकमध्ये टाइलची सोय आहे. पण तेवढं पुरत नाही. एका टाइलने मागच्या फ्रेममधल्या दुसऱ्या टाइलमधून काही उचलायचं नाही, असं एन्कोडरला बजावावं लागतं. २०२० च्या व्हीव्हीसी कोडेकमध्ये यासाठी सबपिक्चर ही वेगळी सोय दिली आहे.

आता हिशेब करा. ६ × ६ अशा ३६ टाइल केल्या तर माझा कोपरा जास्तीत जास्त ४ टाइलवर पसरेल. म्हणजे ७५ एमबीऐवजी ८-९ एमबी. मग टाइल अजून बारीक का करत नाहीत? कारण टाइल जितकी लहान, तितकं शेजाऱ्याकडून उसनं घेणं कमी आणि दाबून लहान करण्याची ताकदही कमी. वाया जाणारे पिक्सेल आणि वाढणारी फाइल यांचा मध्य गाठावा लागतो.

एका मराठी नावाचं काम

या प्रश्नावर स्टॅनफर्ड विद्यापीठात बर्न्ड गिरोड यांच्या गटात आदित्य मावळणकर यांनी पीएचडीचं काम केलं. त्यांची एक युक्ती मला फार आवडते. सगळ्यांना आधी अख्ख्या दृश्याचा लहान, हलका व्हिडिओ पाठवायचा. मोठ्या टाइलचा अंदाज तिच्याच मागच्या फ्रेमवरून न बांधता, हा लहान व्हिडिओ ताणून मोठा करायचा आणि त्यावरून बांधायचा. म्हणजे कुठल्याही क्षणी, कुठल्याही टाइलवर उडी मारा, मागचं काही उलगडायची गरज नाही. त्यांच्या गटाच्या क्लासएक्स या प्रणालीत रेकॉर्ड केलेलं लेक्चर बघताना विद्यार्थी हवा तिथे झूम करू शकत होते. ३६० अंशाच्या व्हिडिओतही आज हीच कल्पना कामी येते: डोळ्यांसमोरचा भाग स्पष्ट, पाठीमागचा हलका.

तुम्ही काय करू शकता?

- घरच्या माणसांचे व्हिडिओ असतील तर मूळ फाइल जपून ठेवा. ग्रुपवरची कॉपी ही मूळ फाइल नव्हे.
- पाठवताना व्हिडिओ म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मग अ‍ॅप त्याला दाबत नाही.
- पुन्हा एन्कोड न करता कापलं तर सुरुवात कीफ्रेमवरच होते, म्हणून एखादं सेकंद जास्तीचं येतं. ती चूक नाही.
- कोपरा कापायचा तर पुन्हा एन्कोड करावंच लागतं. ते मूळ फाइलवरून एकदाच करा, कापलेल्यावरून परत परत नको.

मी ती १२ सेकंदं आजीला टीव्हीवर लावून दाखवली. चार वेळा बघितल्यावर ती म्हणाली, "बघ, बाराबंदीचा एक बंद सुटलाय. मीच बांधला होता घाईघाईत." दबलेल्या व्हिडिओत तो बंद दिसणं शक्यच नव्हतं.