वारसा आणि विधिलिखित

उन्माद आणि विषाद यांच्यामध्ये मनाला हेलकावे देणारा द्विध्रुवीय विकार कुळातून उतरतो काय, असे विचारणाऱ्याच्या अंतःकरणात बहुधा स्वतःच्या अपत्याची चिंता असते. म्हणून उत्तर तारतम्यानेच दिले पाहिजे. सर्वसाधारण लोकांत शेकडा १ च्या आसपास आढळणारा हा विकार माता किंवा पिता यांपैकी एकास असल्यास अपत्यात शेकडा ५ ते १० इतका संभवतो. अर्थात बहुसंख्य अपत्ये त्यापासून मुक्तच राहतात. १९८७ साली पेनसिल्व्हेनियातील आमिश कुटुंबांच्या अभ्यासावरून त्याचे मूळ अकराव्या गुणसूत्रावर असल्याचे जाहीर झाले, परंतु १९८९ मध्ये तो दावा टिकला नाही. अनेक जनुकांचे अल्प प्रभाव एकवटून प्रवृत्ती घडते, असे आज मानतात. वारशाने येते ती ही प्रवृत्ती, नियतीचा हुकूमनामा नव्हे.