एकच प्रत पुरेशी नसते : घरची कागदपत्रे, छायाचित्रे आणि हार्ड डिस्क

या स्मरणिकेसाठी आम्ही माजी विद्यार्थ्यांकडे जुनी छायाचित्रे मागितली, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. चाळीस वर्षांपूर्वीचे कृष्णधवल फोटो ज्यांनी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवले होते, त्यांनी ते आठवडाभरात पाठविले. दहा-बारा वर्षांपूर्वीचे रंगीत फोटो मात्र अनेकांना सापडले नाहीत. "ते जुन्या मोबाइलमध्ये होते," हेच उत्तर पुनःपुन्हा मिळाले. मोबाइल पाण्यात पडला, बंद पडला, बदलला; आणि त्याबरोबर वसतिगृहातील दिवस, स्नेहसंमेलने, आज हयात नसलेल्या शिक्षकांचे चेहरे हेही गेले.

आपल्यासारख्या कुटुंबांत ही हानी अधिक बोचते, याचे कारण उघड आहे. आपल्या आजा-पणज्यांच्या वाट्याला लिहिलेला कागद फारसा आलाच नाही. एखाद्या गावच्या शाळेच्या रजिस्टरातील एक ओळ, कोतवाल बुकाची एखादी नक्कल, एखादा विटलेला फोटो एवढाच त्यांचा लेखी माग. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी आणि पुढे जात पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधताना किती कार्यालयांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, हे बहुतेक पालकांनी अनुभवले आहे. इतक्या कष्टाने मिळविलेला कागद एकाच संगणकात किंवा एकाच मोबाइलमध्ये ठेवणे म्हणजे तो पुन्हा गमावण्याची तयारी करणे होय. म्हणून खिशात मावणाऱ्या हार्ड डिस्कचा उपयोग नीट कसा करावा, हे येथे क्रमाने सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

बॅकअप म्हणजे काय

सर्वांत मोठा गैरसमज आधी दूर करू. संगणकातील किंवा मोबाइलमधील जागा संपली, म्हणून फोटो हार्ड डिस्कवर हलविले आणि मूळ ठिकाणचे पुसून टाकले, तर तो बॅकअप झाला नाही. तो केवळ स्थलांतर झाला. आधी एक प्रत संगणकात होती, आता एक प्रत डिस्कमध्ये आहे. प्रतींची संख्या वाढलेली नाही. बॅकअप म्हणजे मूळ जागेवर असतानाच तयार केलेली दुसरी, स्वतंत्र प्रत. डिस्क विकत घेणारे अनेकजण नेमके येथेच चुकतात आणि डिस्क बंद पडल्यावर "बॅकअप घेतला होता तरी गेले" असे म्हणतात.

इंटरनेटवरील साठवणुकीचेही तसेच आहे. मोबाइल आणि इंटरनेटवरील खाते एकमेकांशी जोडलेले असेल, तर एका ठिकाणी पुसलेला फोटो दुसऱ्या ठिकाणाहूनही जातो. गुगलच्या खात्यात विनामूल्य मिळणारी जागा १५ जीबी असते आणि तीत ईमेलही धरलेले असतात. ही सोय उपयोगी आहे. मात्र केवळ तिच्यावर विसंबून राहू नये.

डिस्कच्या आत काय असते

पहिली हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने सप्टेंबर १९५६ मध्ये जाहीर केली. नागपूरच्या धम्मदीक्षेच्या आदल्याच महिन्यातील ही घटना. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या असलेल्या, सुमारे एक टन वजनाच्या त्या यंत्रात जेमतेम पन्नास लाख अक्षरे मावत. आज तळहाताएवढ्या डिस्कमध्ये त्याच्या लाखो पट मजकूर मावतो. परंतु मूळ तत्त्व तेच आहे. चुंबकीय लेप असलेली तबकडी मिनिटाला हजारो फेरे घेते आणि तिच्यावरून, केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी अंतर राखून, वाचणारे टोक फिरत असते.

हे समजले की काळजीचे नियम वेगळे पाठ करावे लागत नाहीत. डिस्क चालू असताना हलली, आपटली किंवा टेबलावरून पडली, तर ते टोक तबकडीला घासते आणि माहिती नष्ट होते. म्हणून वापरताना डिस्क सपाट जागी ठेवावी. केबल एकदम ओढू नये. संगणकावरील "सेफली रिमूव्ह" किंवा "इजेक्ट" ही आज्ञा देऊन मगच ती काढावी. 'खट् खट्' असा आवाज येऊ लागला, तर डिस्क पुनःपुन्हा जोडून पाहू नये. त्याने हानी वाढते.

एसएसडी या दुसऱ्या प्रकारात फिरणारा भाग नसतो. ती वेगवान असते आणि पडल्यास सहसा टिकते. पण तेवढ्याच जागेसाठी महाग पडते, आणि वर्षानुवर्षे वीज न मिळता कपाटात पडून राहिल्यास तिच्यातील माहिती क्षीण होण्याचा धोका असतो. सोबत फिरविण्यासाठी एसएसडी आणि घरी ठेवण्यासाठी साधी हार्ड डिस्क, अशी विभागणी योग्य ठरते.

खरेदी आणि पहिला दिवस

सर्वसाधारण कुटुंबाला एक टीबीची डिस्क पुरते. ती विंडोज संगणकाला जोडल्यावर ९३१ जीबी दिसते, म्हणून फसवणूक झाली असे समजू नये. कंपनी दशमान पद्धतीने मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीने, एवढाच तो फरक. मात्र बाजारात अतिशय स्वस्त दरात मिळणाऱ्या अवाढव्य क्षमतेच्या डिस्कपासून सावध राहावे. त्यांतील काही आतून लहान असतात; लिहिलेले पुढे गेल्यावर आधीचे पुसले जाते. पावती आणि हमीपत्र मिळेल अशाच ठिकाणी खरेदी करावी.

डिस्क विंडोज आणि मॅक अशा दोन्ही संगणकांवर वापरायची असेल, तर ती 'एक्सफॅट' पद्धतीने फॉरमॅट करावी. जुन्या 'फॅट३२' पद्धतीत चार जीबीहून मोठी एक फाइल मावत नाही, त्यामुळे लग्नाचा किंवा संमेलनाचा चित्रफीत-संग्रह अडतो. फॉरमॅट केल्याने डिस्कवरील सर्व काही पुसले जाते, म्हणून हे काम डिस्क रिकामी असताना, पहिल्याच दिवशी करावे.

काय ठेवावे, कसे ठेवावे

सर्व काही ठेवण्याच्या हव्यासात महत्त्वाचे हरवते. आम्ही तीन कप्पे सुचवितो. पहिला 'कागदपत्रे' : जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, प्रवेश-निर्गम उतारा, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, सातबारा, विम्याची आणि बँकेची कागदपत्रे. दुसरा 'छायाचित्रे', वर्षांप्रमाणे. तिसरा 'आवाज आणि आठवणी' : आजीने गायिलेल्या ओव्या, आजोबांनी सांगितलेली गावाची हकिगत, चळवळीच्या आठवणी. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करणे आज कोणालाही शक्य आहे. पण माणूस गेल्यावर ते पुन्हा करता येत नाही. तिसरा कप्पा बहुतेक घरांत रिकामाच असतो. तो प्रथम भरावा, अशी आमची विनंती आहे.

कागद स्कॅन करताना ३०० डीपीआय आणि लहान जुने फोटो ६०० डीपीआय ठेवावेत. फोटोच्या मागे लिहिलेला मजकूरही स्कॅन करावा. फाइलच्या नावात वर्ष, प्रसंग आणि व्यक्ती यावी. '१९९४-स्नेहसंमेलन-सातवी' असे नाव वीस वर्षांनीही बोलते, संगणकाने दिलेला क्रमांक बोलत नाही. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठविलेला फोटो आकाराने कमी होतो; म्हणून नातेवाइकांकडून फोटो मागविताना तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठविण्यास सांगावे.

एका भावाचे वैधता प्रमाणपत्र पुढे सख्ख्या-चुलत भावंडांच्या आणि त्यांच्या मुलांच्या प्रकरणांत पुरावा म्हणून कामी येते. त्यामुळे ही डिस्क संपूर्ण भावकीच्या उपयोगाची आहे. डिजिलॉकर या शासकीय सेवेत थेट संबंधित कार्यालयाकडून आलेली प्रमाणपत्रे कायद्याने मूळ प्रतीइतकीच ग्राह्य असतात; ती तेथे अवश्य घ्यावीत. परंतु आपण स्वतः काढलेले स्कॅन हे केवळ संदर्भासाठी असतात, हे ध्यानात ठेवावे. मूळ कागदाला डिस्क हा पर्याय नव्हे.

तीन प्रती, दोन साधने, एक दुसरे गाव

बॅकअपचा जगभर मान्य असलेला नियम सोपा आहे : प्रत्येक महत्त्वाच्या फाइलच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी असावी. संगणक, हार्ड डिस्क आणि इंटरनेटवरील खाते. किंवा संगणक आणि दोन डिस्क, त्यांतील एक बहिणीच्या घरी.

दुसऱ्या ठिकाणाचा आग्रह का, हे २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरने आणि २०२१ मध्ये चिपळूणने पाहिले. पुराचे पाणी घरात शिरते तेव्हा ते संगणक आणि कपाटातील डिस्क यांत भेद करीत नाही. आपल्या परंपरेलाही हे नवे नाही. नालंदा उद्ध्वस्त झाले आणि भारतात अनेक बौद्ध ग्रंथांच्या मूळ संस्कृत प्रती नष्ट झाल्या. तरी त्यांतील कितीतरी ग्रंथ आज वाचता येतात, कारण त्यांचे चिनी आणि तिबेटी अनुवाद दूरच्या देशांत सुरक्षित राहिले.

डिस्क कायम जोडून ठेवू नये, हेही याच नियमाचे अंग आहे. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या घातक प्रणालीने जगभरातील संगणकांतील फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. असा हल्ला झाला, तर जोडलेली डिस्कही त्यात सापडते; कपाटातील सुटी डिस्क वाचते. विजेच्या चढउताराबाबतही हेच खरे आहे.

सवय, तपासणी आणि गोपनीयता

विंडोजमधील 'फाइल हिस्टरी' आणि मॅकमधील 'टाइम मशीन' या सोयी बदललेल्या फाइलींच्या प्रती आपोआप घेतात. टाइम मशीनसाठी मात्र वेगळी, रिकामी डिस्क द्यावी. ज्यांना हे अवघड वाटते, त्यांनी महिन्याचा एक दिवस ठरवून नवीन फाइली हाताने उतरवाव्यात. ज्या घरी दर पौर्णिमेला वंदना होते, तेथे तोच दिवस लक्षात राहण्यास सोपा. मोबाइल केबलने संगणकाला जोडून 'फाइल ट्रान्सफर' निवडले की त्यातील फोटो उतरविता येतात.

प्रत घेतली एवढ्यावर समाधान मानू नये. ३१ मार्च हा 'जागतिक बॅकअप दिन' म्हणून पाळला जातो. त्या दिवशी डिस्क दुसऱ्याच एखाद्या संगणकाला जोडून चार-पाच फाइली उघडून पाहाव्यात. उघडतात, तरच बॅकअप आहे. पाच-सहा वर्षे वापरलेली डिस्क चालू असली, तरी तिची प्रत नव्या डिस्कवर घ्यावी.

आधार आणि बँकेची कागदपत्रे असलेला कप्पा पासवर्डने कुलूपबंद करावा. आणि तो पासवर्ड घरातील आणखी एका जबाबदार व्यक्तीला ठाऊक असावा. अन्यथा घरातील कर्त्या माणसाच्या पश्चात कुटुंबालाच ती माहिती बंद होते. डिस्क कोरड्या जागी, ओल शोषणाऱ्या पुडीसह, हवाबंद डब्यात ठेवावी. पावसाळ्यात हे विशेष आवश्यक.

शाळेच्या वतीने एक आवाहन करून हा लेख पुरा करतो. माजी विद्यार्थ्यांनी पुढील मेळाव्यास येताना आपल्याकडील वसतिगृहाची छायाचित्रे, पत्रे, हस्तलिखित अंकांची पाने पेनड्राइव्हवर किंवा डिस्कवर आणावीत. आम्ही त्यांची प्रत घेऊ, मूळ आपल्याकडेच राहील; आणि शाळेच्या संग्रहाची एक प्रत शाळेच्या आवाराबाहेरही ठेवू. पुढील स्मरणिका काढणाऱ्यांना मग छायाचित्रांसाठी अशी शोधाशोध करावी लागणार नाही.