मुलांची एक रात्र रानाकडेला: निसर्ग शिबिरात काय दिसतं, पाठवण्याआधी काय विचारायचं

मे महिना आला की घराघरांत एकच प्रश्न, पोरांचं करायचं काय? गोव्यात आता सहावी ते दहावीची शाळा एप्रिलातच सुरू होते, त्यामुळे या वयाच्या मुलांना खरी सुट्टी मिळते ती मे महिन्यातच. पोहणं, क्रिकेट, चित्रकला यांच्या जोडीला हल्ली मुक्कामी निसर्ग शिबिरंही होतात. दिवसाचं शिबिर असलं तर पालक चटकन हो म्हणतात. ‘रात्री मुक्काम’ म्हटलं की घरात चर्चा सुरू होते, आणि मुलगी असेल तर बहुतेक वेळा तिथंच संपते.

पालकांची काळजी खोटी नाही. पण रात्र वगळली तर शिबिराचा अर्धा अभ्यासच वगळला जातो. म्हणून रात्री नेमकं काय बघायचं असतं आणि धोका कुठं असतो, हे दोन्ही समजून घेतलेलं बरं.

सर्वणच का?

डिचोली तालुक्यातल्या कारापूर-सर्वण पंचायतीचं उदाहरण घेऊ. उत्तरेला दोडामार्ग, पूर्वेला सत्तरी आणि चोर्ला घाट, म्हणजे तिन्ही राज्यांची माणसं दोन-तीन तासांत पोचतील अशी जागा. कारापुरात विठ्ठलापूरच्या देवळाजवळून वाळवंटी वाहते. कुळागरं आहेत, काजूचे डोंगर आहेत, आणि तालुक्यात खनिजाच्या खाणीही आहेत.

पूर्वेकडचं रान तर एकमेकांना चिकटलेलंच आहे. सत्तरीतलं म्हादई अभयारण्य (१९९९, २०८ चौरस किलोमीटर), खानापूरचं भीमगड (२०११, सुमारे १९० चौरस किलोमीटर) आणि दोडामार्गचं तिळारी संवर्धन राखीव क्षेत्र (२०२०, साडेएकोणतीस चौरस किलोमीटर). कागदावर राज्यं तीन, जनावरांना रान एकच. २०२५ च्या सप्टेंबरात ‘ओंकार’ हत्ती सिंधुदुर्गातून पेडण्यात उतरला तेव्हा हे सगळ्यांनीच पाहिलं.

मुलांचंही तसंच. एकाच फळाला गोव्यातला मुलगा भिरंड म्हणतो, सावंतवाडीची मुलगी रातांबा म्हणते. इथला काजुलो तिथला काजवा. पहिली ओळख अशीच होते.

रात्री काय बघायचं?

बघण्याआधी ऐकायचं. अंधार पडला की सगळे टॉर्च बंद करून दहा मिनिटं गप्प बसायचं. रातव्याचा एकसारखा ठोका, पिंगळ्याची कचकच, रातकिडे, लांबचा कोल्हा. आवाज कुठून आला, किती वेळाने परत आला, हे वहीत लिहायचं. तेरा-चौदा वर्षांच्या पोरांना एवढं गप्प बसणं सुरुवातीला कठीण जातं. मग हळूहळू कान उघडतात.

नंतर एक पांढरी चादर दोरीवर टांगून मागे दिवा लावायचा. अर्ध्या तासात पतंग, भुंगे, टोळ जमतात. नशीब असेल तर ॲटलस पतंग येतो, पंख पसरले की वीतभरापेक्षा मोठा. प्रौढ झाल्यावर हा पतंग काही खातच नाही, कारण त्याला खाण्याजोगं तोंडच नसतं. अळी असताना साठवलेल्यावरच तो थोडे दिवस जगतो. हे ऐकल्यावर कुठलंही पोर त्या पतंगाला सहजासहजी मारत नाही.

मेअखेरीस पावसाचा शिडकावा झाला तर काजवे दिसतात. त्यांची लुकलुक म्हणजे नर-मादीमधलं बोलणं. आपला मोबाईल लागला की ते बोलणं तुटतं. म्हणून टॉर्चला लाल कागद लावायचा, आणि काजवे बाटलीत भरायचे नाहीत.

सकाळचा अभ्यास विहिरीवर

पहाटे पक्षी बघून झाले की विहिरीकडे जायचं. दोरीला दगड बांधून काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजायचं. कारण साधं आहे: खाणीचा खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला की आतलं पाणी उपसावं लागतं, आणि आजूबाजूच्या विहिरींचं पाणी खाली जाऊ शकतं. गोव्यात २०१२ मध्ये खाणी थांबल्या, थोडा काळ चालून २०१८ मध्ये परत थांबल्या, आणि लिलावानंतर डिचोलीत पुन्हा काम सुरू झालं. मोठी माणसं यावर बाजूने-विरोधात भांडतात. मुलांनी दर मे महिन्यात त्याच विहिरीचा आकडा लिहून ठेवला, तर चार-पाच वर्षांनी गावाकडे बोलायला काहीतरी हाती असेल.

धोका कुठं असतो?

वाघ-बिबट्यापेक्षा लहान गोष्टी जास्त महत्त्वाच्या.

माकडताप: हा आजार पहिल्यांदा १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर रानात सापडला. सत्तरीत २०१५ पासून आणि दोडामार्गात २०१६ पासून रुग्ण आढळले. तो गोचिडींमुळे होतो, माणसाकडून माणसाला होत नाही. हंगाम साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे शिबिराच्या दिवसांपर्यंत. लांब बाह्या, पायमोजे, गोचीड दूर ठेवणारं तेल हवंच. पाल्यापाचोळ्यावर बसायचं नाही, परत आल्यावर गरम पाण्याने आंघोळ आणि अंग तपासणं. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवायचं. घरी आल्यावर आठ-दहा दिवसांत जोराचा ताप आला, तर डॉक्टरांना ‘रानात गेला होता’ हे आवर्जून सांगा.

मण्यार: ही रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. चावल्याचं कित्येकदा कळतही नाही. म्हणून खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी. साप चावला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही नको. १०८ ला फोन करायचा आणि मूल हलू न देता सरळ इस्पितळात.

पाणी आणि वीज: खाणीच्या जुन्या खड्ड्यांतलं पाणी शांत दिसतं, पण काठ उभे आणि खोली फसवी. तिथं पोहणं सक्त बंद. ढग गडगडले की झाडाखाली थांबायचं नाही, पक्क्या छपराखाली यायचं.

आयोजकांना विचारा

रात्री मुलींबरोबर महिला शिक्षिका कोण आहेत? झोपायची आणि शौचालयाची सोय वेगळी आहे का? एकटा मोठा माणूस एकट्या मुलाबरोबर राहणार नाही, असा नियम आहे का? गाडी रात्रभर थांबणार का, आणि सापाच्या विषावरचं औषध असलेलं जवळचं इस्पितळ कुठलं? कुळागराच्या मालकाची परवानगी घेतली का? अभयारण्यात जाणार असाल तर वनखात्याचा परवाना आहे का?

या प्रश्नांना सरळ उत्तरं मिळाली तर पाठवा, मुलींनाही पाठवा. उत्तर टाळलं गेलं तर पैसे भरू नका. पुढच्या पाच-दहा वर्षांत गावची देवराई, ओहोळ, विहीर यांबद्दल ग्रामसभेत बोलायची वेळ याच मुलांवर येणार आहे. त्यांनी ते रान एकदा तरी रात्री ऐकलेलं असावं.