२२ ऑक्टोबर १८४४ : एका हिशेबाची कथा

ख्रिस्त पुन्हा येणार आणि जिवंतांचा व मृतांचा न्याय करणार, ही ख्रिस्ती श्रद्धेतली मूळ धारणा आहे. निकीयाच्या श्रद्धासूत्रातही ती आहे. आपल्याकडे तिची तुलना चटकन कल्कीशी केली जाते, पण ती अपुरी आहे. कल्की येतो तो कलियुग संपवायला. त्यानंतर सत्ययुग सुरू होते आणि चक्र फिरत राहते. ख्रिस्ती कल्पनेतला काळ एकदाच सुरू होतो आणि एकदाच संपतो. म्हणूनच तिथे ‘कधी?’ हा प्रश्न अधिक टोकदार होतो. तो दिवस आणि ती घटका पित्याखेरीज कोणालाच ठाऊक नाही, असे मत्तयच्या शुभवर्तमानात (अध्याय २४) येशूच सांगतो. तरीही हिशेब मांडणारे वेळोवेळी निघत राहिले.

त्यांतला सर्वांत गाजलेला विल्यम मिलर (१७८२-१८४९). न्यूयॉर्क राज्यातल्या लो हॅम्प्टनचा हा शेतकरी १८१२ च्या युद्धात लढला होता. ऐन तारुण्यात बायबलवरचा त्याचा विश्वास उडाला होता. १८१६ मध्ये तो परतला आणि मिलर बायबल व एक शब्दसूची एवढ्याच साधनांवर अभ्यासाला बसला. दानीएलच्या पुस्तकात (८:१४) २३०० दिवसांनंतर पवित्रस्थान शुद्ध होईल, असे भाकीत आहे. मिलरने एक दिवस म्हणजे एक वर्ष धरले, पवित्रस्थान म्हणजे पृथ्वी मानली आणि इ.स.पू. ४५७ पासून, म्हणजे इराणच्या राजाने एज्राला जेरुसलेमला धाडले त्या वर्षापासून, मोजणी केली. उत्तर आले : सुमारे १८४३.

१८३१ मध्ये तो जाहीर व्याख्याने देऊ लागला. बोस्टनच्या जोशुआ हाइम्सने १८४० मध्ये ‘साइन्स ऑफ द टाइम्स’ हे नियतकालिक काढले आणि एका शेतकऱ्याच्या टिपणांची चळवळ झाली. मिलरने दिलेली मुदत मार्च १८४४ मध्ये उलटली. मग चूक सापडली : इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येते, मध्ये शून्य वर्ष नाही. म्हणजे एक वर्ष वाढवायला हवे. ऑगस्टमध्ये सॅम्युएल स्नोने यहुदी प्रायश्चित्ताच्या दिवसावरून, कराईट पंथाची कालगणना धरून, नेमकी तारीख काढली : २२ ऑक्टोबर. खुद्द मिलरने ती ऑक्टोबर उजाडल्यावरच मान्य केली. काहींनी उभी पिके शेतातच सोडली.

तो दिवस इतर दिवसांसारखाच मावळला. इतिहासात त्याला ‘महान निराशा’ म्हणतात. पांढरे झगे घालून माणसे टेकड्यांवर बसली होती, ही पुढे रंगवलेली दंतकथा. त्यांना वेडे ठरवण्यासाठी ती फार सोयीची होती. खरे तर ही माणसे बेरीज-वजाबाकी काटेकोर करणारी होती. गणित बरोबर होते. प्रश्न गृहीतकांचा होता, आणि बेरीज कितीही तपासली तरी त्यांतला दोष दिसत नाही.

त्यानंतर वाटा फुटल्या. अनेकजण सोडून गेले. हिशेब चुकल्याचे मिलरने कबूल केले, पण ख्रिस्त लवकरच येईल ही आशा मरेपर्यंत सोडली नाही. हायरम एडसन आणि त्याच्या सोबत्यांनी मात्र तारीख खरी मानली आणि घटनेचा अर्थ बदलला : शुद्ध व्हायचे होते ते स्वर्गातले पवित्रस्थान, पृथ्वी नव्हे. या गटातून १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट चर्च संघटित झाले. ‘ॲडव्हेंट’ म्हणजे आगमन. वाट पाहणे त्यांनी थेट नावातच ठेवले. नवी तारीख मात्र ठरवली नाही.

पुण्यात औंधला या पंथाचे स्पायसर विद्यापीठ आहे. तिथे आजही रविवारऐवजी शनिवारी शब्बाथ पाळतात. लो हॅम्प्टनच्या शेतकऱ्याचा हिशेब चुकला नसता, तर ही संस्था जन्मालाच आली नसती.